पेशीला निरोप कोण देतो?



मृगाचा पाऊस पडून ओढ्याकाठच्या डबक्यांत पाणी साचलं, की थोड्याच दिवसांत त्या पाण्यात काळी, शेपटीची, वळवळणारी पिल्ले दिसू लागतात. खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहेत. पुष्कळांनी ओंजळीत धरूनही पाहिली असतील. ही बेडकाची पिल्ले. शाळेच्या पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात. पुढे त्यांना मागचे पाय फुटतात, मग पुढचे फुटतात, आणि शेपटी आखूड होत होत नाहीशी होते. आता मला सांगा, ही शेपटी जाते कुठे? ती तुटून पाण्यात पडलेली कुणी पाहिली आहे काय? तिथे जखम होत नाही, रक्त येत नाही, काही सडत नाही. शेपटी होती, आणि आता नाही, एवढेच आपल्याला दिसते.

याचे उत्तर असे, की त्या शेपटीतल्या पेशींना मरणाचा निरोप येतो आणि त्या मरतात. त्यांचे मांस वाया जात नाही. वाढत्या बेडकाचे शरीर ते वापरून टाकते. हा निरोप गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीच्या रसातून येतो. १९१२ साली गुडेरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने भैकेरांना या ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ती पिल्ले लहानखुरी असतानाच, वेळेच्या आधी, बेडूक होऊ लागली. निरोप लवकर पोहोचला, म्हणून शेपटी लवकर गेली.

आज आपल्याला या निरोपाविषयीच बोलायचे आहे. आपल्या शरीरातल्या पेशीला "तू जग" किंवा "तू आता मर" असे कोण सांगते? तो निरोप आत कसा पोहोचतो? आणि पोहोचला नाही तर काय होते? हा शेवटचा प्रश्न पुस्तकातला नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात पारावर, शेताच्या बांधावर आणि घराच्या उंबऱ्यातही तो येऊन बसलेला आहे. तो कसा, ते ओघाने सांगतो.

पेशी म्हणजे शरीराची वीट, असे आपण मुलांना शिकवतो. पण भिंतीतली वीट बसवली की तिथेच राहते. पेशी जिवंत असते; ती खाते, काम करते, एकीच्या दोन होतात, आणि मरतेही. आपल्या शरीरात रोज हजारो कोटी पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्माला येतात. तोंडाच्या आतले अस्तर तर थोड्या आठवड्यांत सगळेच नवे होते. घेणे-देणे बरोबर राहते, म्हणून आपले वजन आणि रूप आहे तसे टिकते.

पेशीचे मरणही दोन प्रकारचे असते, बरं का. गाडीच्या चाकाखाली बोट सापडले, चुलीवर हात भाजला, तर तिथल्या पेशी फुटतात. त्यांच्यातला रस आजूबाजूला सांडतो, जागा सुजते, लाल होते, ठणकते. हे अपघाती मरण झाले. दुसरे मरण शिस्तीचे असते. पेशी आक्रसते, स्वतःच्या आतल्या वस्तूंचे बारीक तुकडे करते, ते तुकडे लहान लहान पुड्यांत बांधते, आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. बिऱ्हाड हलवणारा शहाणा माणूस जसा भांडीकुंडी बांधून, जागा झाडून जातो, तसेच हे. काही तासांत काम आटोपते आणि मागे सूजही राहत नाही. आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा सलग असतो. बोटांच्या मधल्या पेशी अशा शिस्तीने मरतात, तेव्हा पाच बोटे सुटी होतात.

या मरणाला 'नियोजित पेशीमृत्यू' हे नाव मिळाले ते रेशमाच्या पतंगामुळे, हे ऐकून आपल्याकडच्या रेशीम-उत्पादकांना गंमत वाटेल. कोषातून पतंग बाहेर पडतो, तेव्हा पोटाचे काही स्नायू त्याला जोर लावायला उपयोगी पडतात. बाहेर आल्यावर त्यांचे काम संपते, आणि थोड्याच वेळात ते स्नायू विरून जातात. अमेरिकेत रिचर्ड लॉकशिन आणि त्यांचे गुरू कॅरोल विल्यम्स यांनी या स्नायूंचा अभ्यास करून १९६४-६५ साली जे निबंध छापले, त्यांत हा शब्द आला. तुतीवर वाढवलेल्या आपल्या रेशीम-अळीतही असेच घडते. रेशीम काढणारी तिची ग्रंथी अंगाचा केवढा मोठा भाग व्यापून असते! कोष विणून झाला की आतल्या आत ती ग्रंथी नाहीशी होते. पुढे १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी या शिस्तीच्या मरणाला 'अपॉप्टॉसिस' असे ग्रीक नाव दिले. झाडाचे पान गळून पडावे, तसा त्याचा अर्थ आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले ते याच वर्षी; म्हणजे हे नाव आपल्या विद्यापीठाच्या वयाचे म्हणायचे.

आता निरोपाकडे येऊ. पेशीच्या आत आणि पेशींच्या दरम्यान निरोप पोहोचवण्याचे काम मुख्यतः प्रथिने करतात. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण शरीरात हजारो तऱ्हांची प्रथिने असतात, आणि प्रत्येकाला नेमून दिलेले काम असते. त्यांतल्या काहींना आपण 'निरोप्या प्रथिने' म्हणू.

मरणाचा निरोप दोन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी शरीरभर गस्त घालीत असतात. एखादी पेशी रोगट झाली आहे किंवा तिची चाल बदलली आहे, असे दिसले, की पांढरी पेशी तिला जाऊन भिडते. रोगट पेशीच्या अंगावर 'फॅस' नावाचे प्रथिन असते. ते दाराच्या कडीसारखे समजा. पांढरी पेशी ही कडी वाजवते. कडी वाजली की दाराच्या आतल्या बाजूला 'कॅस्पेस-८' नावाचे प्रथिन जागे होते. कॅस्पेस म्हणजे प्रथिने कापणारी कात्री. ही पहिली कात्री दुसऱ्या कात्र्यांना मोकळे करते, आणि मग पेशीची आवराआवर सुरू होते.

दुसरी वाट घरातली. प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए असतो. शरीर चालवण्याचा सारा मजकूर त्यात लिहिलेला आहे. उन्हाने, विषारी द्रव्यांनी, कधी नुसत्या नकलेच्या चुकीने त्या मजकुरात खाडाखोड होते. ती पकडण्याच्या व्यवस्थेत 'पी-५३' नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. हे प्रथिन १९७९ साली सापडले. मजकूर बिघडल्याची खबर लागली की पी-५३ आधी पेशीची वाढ थांबवते, दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती झाली तर ठीक. होण्यासारखी नसली, तर ते पेशीला मरणाचा निरोप देते, म्हणजे बिघडलेला मजकूर पुढच्या पिढीला जात नाही. आपल्यात या प्रथिनाच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. हत्तीत मात्र अशा वीसच्या आसपास जोड्या आहेत, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या अगडबंब देहात पेशी कितीतरी अधिक, तरी हत्तीला कर्करोग क्वचितच होतो. त्यामागे हे एक कारण असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

मरणाचा निरोप आहे, तसा जगण्याचाही आहे. एकटी पडलेली पेशी फार काळ जगत नाही. शेजारणींकडून "तू हवी आहेस" असा निरोप तिला सतत यावा लागतो. इटलीच्या रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी मज्जापेशींना असा निरोप देणारे प्रथिन शोधले, आणि त्यासाठी त्यांना १९८६ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याकडे पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली; आपल्या देशातली अशी ती पहिली. काचेच्या भांड्यात पेशी वाढवणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळते. नुसते साखर-मीठ घालून भागत नाही, रक्तातला पिवळसर रस घालावा लागतो. त्या रसात जगण्याचे निरोप असतात. ते नसले तर बहुतेक पेशी अन्न असूनही मरतात.

म्हणजे पेशीच्या कानी दोन्ही निरोप सतत पडत असतात, आणि ज्याचे पारडे जड, तसे ती वागते. 'बी-सी-एल-२' नावाचे एक प्रथिन तर दाराशी उभे राहून मरणाचा निरोप अडवण्याचेच काम करते. ते जरुरीपुरते असले तर उपकारक. रक्ताच्या काही कर्करोगांत ते अतोनात वाढते आणि ज्या पेशींनी जायला हवे त्या जातच नाहीत. १९८८ साली हे ध्यानात आले, तेव्हा कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. तोवर वाटे, की गाठ म्हणजे पेशींची भलती वाढ. आता कळले, की न मरणाऱ्या पेशींमुळेही गाठ होते.

श्रोतेहो, आता आपल्या घराकडे वळू. आपल्या भागात तंबाखू न खाणारे गाव सापडेल काय? सकाळी औत धरण्याआधी चुना लावून तंबाखू मळायची, बार भरायचा आणि कामाला लागायचे, ही कैक पिढ्यांची रीत. बाया कापूस वेचताना दाढेखाली चिमूट धरतात. पुष्कळ मायबहिणी सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिसरी दातांना घासतात, आणि "आम्हांला काही व्यसन नाही" असे मनापासून सांगतात. २०१६-१७ साली देशभर झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात साधारण चार प्रौढांमागे एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारा आढळला, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे कितीतरी अधिक. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. पण पानाला, सुपारीला आणि मळलेल्या तंबाखूला आपल्या हाताशिवाय कुणाची बंदी नाही.

बार गालफडात धरला की काय होते? तंबाखूतली विषारी द्रव्ये लाळेत उतरतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशींत शिरतात. ती डीएनएला चिकटतात, आणि मजकुरात खाडाखोड होते. सुपारीचे विष वेगळे. तिच्याने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते. तोंडाचे अस्तर सतत नवे होत असते, हे मघाशी सांगितले. म्हणजे तिथे नकला सतत उतरवल्या जात असतात, आणि चूक पुढे जाण्याचा धोका तिथेच जास्त. सुरुवातीला पी-५३ आपले काम चोख करते. बिघडलेल्या पेशी मरतात, नव्या येतात, आणि खाणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण रोज दहा वेळा, वीस-वीस वर्षे एकाच जागी घाव पडत राहिले, की एक दिवस घाव पी-५३ च्या स्वतःच्या मजकुरावर पडतो. निरोप देणाराच मुका झाला! मग पुढची खाडाखोड रोखायला घरात कोणी उरत नाही.

हे कल्पनेने सांगत नाही. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, आपल्या लोकांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध त्या दशकातच तपासायला घेतला. रोग कुठे होतो, हे त्यांच्या पिढीने पाहिले. पेशीच्या आत काय बिघडते, हे पाहायला पुढची सत्तर वर्षे जावी लागली. २०१३ साली नवी मुंबईतील खारघरचे टाटा केंद्र आणि बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून गाल आणि हिरडी यांच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाल आणि हिरडी यांच्यामधली जागा म्हणजे आपण बार धरतो तीच. ५० रुग्णांच्या गाठींतली जनुके त्यांनी अक्षर-अक्षर वाचली, आणि आणखी ६० रुग्णांत ती पडताळून पाहिली. पुन्हा पुन्हा बिघडलेली आढळली अशा जनुकांत पी-५३ चे जनुक होते, आणि कॅस्पेस-८ चेही होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पी-५३ गेले म्हणजे घरातला निरोप थांबला. कॅस्पेस-८ गेले म्हणजे बाहेरून कडी वाजली तरी आत ऐकणारा नाही. दोन्ही वाटा अशा तुटल्या, की ती पेशी कुणाचेच ऐकत नाही. ती वाढत राहते, शेजाऱ्यांची जागा बळकावते, आणि पुढे मानेतल्या गाठींपर्यंत जाते. यालाच आपण कर्करोग म्हणतो.

इथे कुणी ना कुणी हमखास विचारतोच, "सर, आमचा आजा पंच्याऐंशीचा होऊन गेला. मरेस्तोवर तंबाकू खाल्ली. त्याला काय झालं?" प्रश्न रास्त आहे. घाव कुठल्या अक्षरावर पडेल, हे कुणाच्या हाती नसते. डोळे बांधून दगड मारणाऱ्याचा एखादा दगड दिव्याला लागतो, एखाद्याचे शंभर दगड वाया जातात. आज्याचे दगड चुकले. पण म्हणून नातवाने दगड मारीत राहावे काय? जितके दगड जास्त, तितका दिवा फुटण्याचा संभव जास्त, एवढे गणित पक्के आहे.

दुसरा प्रश्न येतो औषधाचा. निरोप अडवणाऱ्या बी-सी-एल-२ ला हटवणारे औषध निघाले आहे. २०१६ पासून ते रक्ताच्या काही कर्करोगांत वापरतात. पण तोंडाच्या कर्करोगात मुख्य भिस्त शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांवरच असते. गाठ लहान असताना हे उपचार चांगले लागू पडतात. गाठ मोठी झाल्यावर जबडा कापावा लागतो, घास गिळणे अवघड होते, शेतीवाडी गहाण पडते, आणि तरी माणूस वाचेल याची शाश्वती नसते.

म्हणून वेळेवर ओळखणे महत्त्वाचे. निरोप तुटायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत तोंड काही खुणा दाखवते. गालाच्या आत किंवा हिरडीवर पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल डाग. दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम. तिखट लागताच होणारी आग. आणि तोंड पुरते न उघडणे. ही शेवटची खूण घरी तपासता येते. आपली मधली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. ती सहज जात नसतील तर दवाखाना गाठा. सुरुवातीला यांतले काहीच दुखत नाही. म्हणून तर माणूस थांबतो, आणि फसतो.

नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासून काय होणार, असे वाटेल. केरळमध्ये तिरुवनंतपुरम भागात सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर याची पारख झाली. शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले, असे २००५ साली जाहीर झाले. आपल्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला, १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगांची नोंद ठेवली जात आली आहे; देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. म्हणजे खेड्यातल्या माणसाचा रोग कुणी मोजत नाही, असे म्हणता येणार नाही. पण मोजणीपाशी जाण्याआधी उपकेंद्रापाशी जावे, हे बरे. तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, आणि पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत वाट आहे.

तंबाखू सोडणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. सोडल्यावर चार-आठ दिवस डोके धरते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही. पण बार थांबला की नवे घाव थांबतात, आणि काही पांढरे चट्टे तर नुसत्या तेवढ्यानेच मागे हटतात. मदत हवी असेल तर पुडीवरच १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. पुडी फोडण्याआधी तो एकदा वाचावा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. पहिल्या पावसानंतर एका पसरट भांड्यात डबक्याचे पाणी, थोडे शेवाळ आणि पाच-सहा भैकेर वर्गात आणून ठेवा. एक दगडही ठेवा, म्हणजे बेडूक झालेल्या पिल्लाला वर येऊन बसता येईल. मुलांना रोज शेपटी मोजू द्या आणि वहीत लिहू द्या. मग त्यांना विचारा, की शेपटी गेली कुठे? उत्तर कळले, की मुले आपण होऊन पुढचे विचारतील: निरोप आलाच नाही तर? त्या दिवशी तंबाखूचा धडा सांगा. काम झाल्यावर भैकेर पुन्हा ओढ्यात सोडून द्या. मुलांनी संध्याकाळी घरी जाऊन आजीला, "आजी, तोंड उघड बरं, तुझी तीन बोटं जातात का पाहू," असे म्हटले, तर कित्येक घरांतला चट्टा वेळेवर दिसेल.